थ्रीडी मावळा छोटा केला की ओळखूच येत नाही: ब्लेंडरमधून स्प्राइट काढणाऱ्यांनी मदत करा

किल्लेदार

नमस्कार मंडळी. गेले चार महिने ऑफिसातून आल्यावर रात्री एक गेम करतोय, गोडो या गेम इंजिनमध्ये. विषय दिवाळीतला किल्ला. आपण लहानपणी दगडमाती रचून वर पोतं घालून हळीव पेरून करायचो ना, तोच किल्ला, फक्त रात्री सगळे झोपले की त्यातले मावळे चालायला लागतात, पहारा देतात, मशाली पेटवतात.

आधी सगळं थ्रीडीतच करत होतो पण भाच्याच्या जुन्या फोनवर पंधरा मावळे आले की गेम अडखळायला लागला, म्हणून ठरवलं की मॉडेल ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्येच ठेवायचं पण आठ दिशांनी रेंडर करून त्याची सपाट चित्रं, म्हणजे स्प्राइट, गेममध्ये वापरायचे. जुने स्ट्रॅटेजी गेम असेच असायचे असं वाचलं होतं.

रेंडर तर झाले. पण अडचणी अशा:
मोठं चित्र झकास दिसतं, गेममध्ये लहान झालं की तपकिरी गोळा. मुंडासं कुठलं, ढाल कुठली काही कळत नाही.
कडेला काळी रेघ येते, हिरव्या हळिवावर तर फारच दिसते.
चालताना पाय जमिनीवरून घसरतात.
आणि भाच्याच्या फोनवर आता गेम अडखळत नाही, सरळ बंदच पडतो!

मॉडेलवर दीड महिना घालवलाय, अंगरख्याची शिवणसुद्धा काढलीय, त्यामुळे जीव तुटतोय. कुणी केलंय का हे?

अनघा_९

केलंय, दोन गेमसाठी केलंय. आधी हे सांग, रेंडर किती पिक्सेलचा काढलास आणि गेममध्ये मावळा किती पिक्सेल उंच दिसतो? कॅमेरा कुठला, पर्स्पेक्टिव्ह (लांबचं लहान दिसतं तो) का ऑर्थोग्राफिक (लांबचं-जवळचं एकाच मापात दिसतं तो)? आणि एकूण फ्रेम किती?

किल्लेदार

ताई, रेंडर ५१२ बाय ५१२. म्हटलं मोठा काढू आणि गेममध्ये स्केल करू. स्क्रीनवर मावळा साधारण ५० पिक्सेल असेल. कॅमेरा पर्स्पेक्टिव्हच आहे, अंदाजाने वरून तिरका लावलाय. फ्रेम म्हणजे उभा ४, चालणं ८, वार ६, पडणं ६, असे २४, गुणिले आठ दिशा, १९२.

अनघा_९

फोन का बंद पडतो ते इथेच कळलं. पीएनजी डिस्कवर लहान दिसते पण मेमरीत उघडली की प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट लागतात. ५१२ गुणिले ५१२ गुणिले ४ म्हणजे एका फ्रेमला बरोबर १ एमबी. तुझ्या १९२ फ्रेम म्हणजे १९२ एमबी, एका मावळ्यासाठी! भालेकरी, मशालवाला, किल्लेदार अशी चार पात्रं झाली की तो फोन काय करणार बिचारा.

आता हेच ९६ बाय ९६ मध्ये काढलंस तर एक फ्रेम ३६ केबी, सगळ्या मिळून पावणेसात एमबी. आणि १९२ च्या १९२ फ्रेम २०४८ बाय २०४८ च्या एकाच शीटवर, म्हणजे सगळ्या फ्रेम मांडलेल्या एका मोठ्या चित्रावर, बसून वर निम्म्याहून जास्त जागा उरते.

पण मेमरीपेक्षा महत्त्वाची गोष्ट दुसरी आहे आणि ती मी माझ्या पहिल्या गेमला सहा महिने वाया घालवून शिकले. शेवटी स्क्रीनवर किती पिक्सेल दिसणार ते आधी ठरव आणि मॉडेल त्या मापासाठी कर. तू उलट केलंस, आधी सुंदर मॉडेल आणि मग लहान. तुझ्या अंगरख्याची शिवण ५० पिक्सेलच्या मावळ्यात अर्धा पिक्सेलसुद्धा नाही, ती शिवण म्हणून दिसणार नाहीच पण आजूबाजूचा रंग मात्र मळकट करणार. तो तपकिरी गोळा तिथून येतोय.

कॅमेऱ्याचं सांगते. ऑर्थोग्राफिक कर, नाहीतर फ्रेमच्या कडेला गेलेला भाला वेगळ्या कोनातून दिसतो आणि मावळे फरशीवर नीट उभे राहिलेत असं वाटत नाही. कोन अंदाजाने नको. जुन्या गेममधली जी चौकोनी फरशी असते, रुंदी उंचीच्या दुप्पट, ६४ बाय ३२ वगैरे, ती हवी असेल तर ब्लेंडरमध्ये कॅमेऱ्याचं एक्स रोटेशन ६० आणि झेड ४५. खरं गणिती आयसोमेट्रिक म्हणजे एक्स ५४.७३६, पण त्यात फरशीच्या कडा पिक्सेलवर वेड्यावाकड्या पायऱ्या करतात. ६० ला बरोबर दोन पिक्सेल आडवे एक उभा असं जातं, कडा स्वच्छ येते.

मग स्केल. फरशीचा कर्ण २ युनिट ठेव, तो ६४ पिक्सेल झाला पाहिजे, म्हणजे १ युनिटला ३२ पिक्सेल. फ्रेम ९६ ची म्हणून ऑर्थोग्राफिक स्केल ३. तुझा मावळा १.८ युनिट उंच असेल तर वरून बघितल्यामुळे थोडा दबून बरोबर ५० पिक्सेलच्या आसपास येईल. हे तीन आकडे भिंतीवर चिकटवून ठेव आणि प्रत्येक पात्राला, झाडाला, बुरुजाला हेच वापर, एकालाही वेगळं केलंस की सगळं चित्र विस्कटतं.

आणखी एक. दिशा बदलताना कॅमेरा फिरवू नकोस, मावळ्याला एका एम्प्टीला (रेंडरमध्ये न दिसणारा नुसता बिंदू) बांध आणि ती ४५ अंशांनी फिरव. दिवा आहे तिथेच राहतो आणि आठही दिशांना उजेड चित्राच्या डाव्या बाजूनेच येतो.

जुना_खेळगडी

वा, किती दिवसांनी असा धागा आला. वाचनखूण साठवली.

अनघाताईंनी सांगितलेलं सगळं जुन्या लोकांनी नाइलाजाने केलेलं आहे, म्हणून थोडं लिहितो. १९९४ साली इंग्लंडमधल्या रेअर कंपनीने डाँकी काँग कंट्री काढला, सुपर निन्टेंडोवर. मशीनची ताकद बघा, स्क्रीन २५६ बाय २२४, एका स्प्राइटला १५ रंग आणि सोळावा पारदर्शक, आणि अख्खा गेम ४ एमबीच्या कार्ट्रिजमध्ये. त्यांनी सिलिकॉन ग्राफिक्सच्या महागड्या वर्कस्टेशनवर माकडाचं मॉडेल केलं, रेंडर केलं आणि ते रेंडर त्या १५ रंगांत बसवले. लोकांना वाटलं निन्टेंडो थ्रीडी दाखवतोय. पण ते माकड नीट आठवून बघा, केस एकेक करून दिसत नाहीत, दिसतो तो लाल टाय, रुंद छाती, लांब हात. म्हणजे तिथेही आकारच बोलत होता.

मग १९९७ चा एज ऑफ एम्पायर्स, १९९८ चा स्टारक्राफ्ट, सगळे थ्रीडी मॉडेलमधून रेंडर केलेले. आमच्या कॉलेजजवळच्या सायबर कॅफेत तासनतास एज खेळायचो आणि मला तेव्हा वाटायचं हे कुणीतरी हाताने रंगवलंय!

जागा वाचवायची त्यांची एक युक्ती तुझ्या कामाची आहे. आठ दिशांसाठी आठ रेंडर लागतच नाहीत. समोर आणि पाठ या दोन सोडल्या तर उरलेल्या सहा एकमेकींचे आरसे आहेत, म्हणून तीन काढायच्या आणि उलट्या करायच्या, एकूण पाच. एज मध्ये पाचच आहेत. स्टारक्राफ्टमध्ये याच हिशोबाने १७ चित्रांतून ३२ दिशा निघतात. तुझ्या १९२ फ्रेम १२० वर येतील.

मोरपिशी

पण काका, आरसा केला की ढाल डाव्या हातातून उजव्या हातात जाते, तलवार डाव्या. एलियनच्या गेममध्ये चालत असेल, मावळ्यात नाही चालणार. शिवाय ताईंनी वर सांगितलेला डावीकडचा उजेड आरशात उजवीकडे जाईल, मग दोन मावळे समोरासमोर उभे राहिले की दोघांच्या मागे वेगवेगळे सूर्य.

मी हाताने पिक्सेल आर्ट करते म्हणून स्पष्टच बोलते, राग मानू नका. मला मॉडेलमधून काढलेले स्प्राइट निर्जीव वाटतात. सगळ्या कडांना सारखाच उजेड, सगळीकडे सारखेच बारकावे, डोळ्याने कुठे बघायचं तेच कळत नाही. हाताने काढणारा माणूस चेहऱ्यावर चार पिक्सेल जास्त खर्च करतो आणि गुडघ्यावर एकही नाही. संगणकाला गुडघा आणि डोळा सारखाच. किल्लेदार, तू दीड महिना मॉडेलवर घालवलास तेवढ्यात एक मावळा हाताने झाला असता आणि तो जिवंत दिसला असता.

धूमकेतू

मोरपिशी ताई, एक मावळा झाला असता, खरंय. पण चार पात्रं, आठ दिशा, २४ फ्रेम म्हणजे ७६८ चित्रं होतात आणि तो एकटा माणूस नोकरी सांभाळून करतोय. उद्या त्याला वाटलं वार अजून जोरकस हवा, तर मॉडेलमध्ये हाडं हलवून रात्रभर रेंडर लावला की सकाळी सगळ्या दिशा तयार, हाताने ४८ चित्रं परत काढायची आणि तीही फक्त एका पात्राची.

डेड सेल्स बघा. २०१८ चा, फ्रान्समधल्या बोर्दोच्या मोशन ट्विनचा. बघणाऱ्याला शंभर टक्के पिक्सेल आर्ट वाटतो. पण तिथला आर्टिस्ट साधं थ्रीडी मॉडेल करायचा, अँटी अलायझिंग (कडा गुळगुळीत करणं) न लावता अगदी छोट्या मापात रेंडर करायचा आणि प्रत्येक फ्रेमबरोबर नॉर्मल मॅपही (पृष्ठभाग कुठल्या बाजूला वळलाय ते सांगणारं चित्र) काढायचा, म्हणजे गेममध्ये दिवा कुठेही असला तरी सपाट चित्रावर उजेड बरोबर पडतो. काम हातावेगळं करायला माणसं नव्हती म्हणून ही पद्धत. आणि ती निर्जीव वाटत नाही कारण वार करताना मधल्या फ्रेम चक्क काढून टाकल्यात, तलवार मागे आणि लगेच पुढे.

तुमचं गुडघा आणि डोळ्याचं म्हणणं मात्र मला शंभर टक्के पटलं. ते मॉडेलमध्येच करता येतं. डोकं मोठं करायचं, हात मोठे करायचे, गुडघ्यावर एकच सपाट रंग द्यायचा.

अनघा_९

मोरपिशी, ढालीचा मुद्दा एकदम बरोबर, आणि मावळ्यासाठी मीही आठच्या आठ दिशा काढीन. पावणेसात एमबीत बसतंय तर आरसा कशाला. शेळी, कोंबडी, झाडं यांना आरसा चालेल, फक्त दिवा जवळजवळ समोरून वरून ठेवायचा म्हणजे उलटं केल्यावर कळत नाही.

किल्लेदार, आता मापं. तुझा १ युनिट म्हणजे १ मीटर धर. ३२ पिक्सेलला एक मीटर, म्हणजे एक पिक्सेल साधारण ३ सेंटिमीटर. भाल्याची काठी खरी ३ सेंटिमीटर जाड असते, म्हणजे बरोबर एक पिक्सेल, आणि ती तिरकी झाली की या फ्रेममध्ये आहे, पुढच्या फ्रेममध्ये मधूनच गायब, तुटक ठिपके. तीच काठी ६ सेंटिमीटर कर. मोठ्या रेंडरमध्ये मुसळासारखी दिसेल, घाबरू नकोस, मोठा रेंडर कुणी बघणारच नाहीये. मुंडासं दीडपट, ढाल दीडपट, शेला एकच ठळक रंगाचा. डोकं उंचीच्या पाचव्या हिश्शाएवढं.

सेटिंग तीनच सांगते. फिल्टर साईझ १.५ असतं ते ०.०१ वर आण, त्याने कडा धारदार येतात आणि प्रत्येक पिक्सेल एकतर पूर्ण भरलेला किंवा पूर्ण पारदर्शक. फिल्ममध्ये ट्रान्सपरंट चालू कर. आणि कलर मॅनेजमेंटमध्ये व्ह्यू ट्रान्सफॉर्म स्टँडर्ड ठेव, नव्या ब्लेंडरमध्ये आपोआप एजीएक्स असतं, त्याने तू दिलेला भगवा फिकट वीटकरी होऊन बाहेर येतो आणि माणूस तासभर मटेरियलमध्ये चूक शोधत बसतो.

शेडिंगसाठी ब्लेंडरच्या ईव्ही या रेंडर इंजिनमध्ये शेडर टू आरजीबी नोड आणि पुढे कलर रॅम्प कॉन्स्टंटवर, तीन पायऱ्या पुरेत, सावली, मूळ रंग, उजेड.

काळी रेघ कशाने येते सांगते. पारदर्शक पिक्सेलच्या आत बहुतेक वेळा काळा रंग दडलेला असतो, दिसत नाही पण असतो. इंजिन चित्र लहान-मोठं करताना शेजारच्या पिक्सेलचे रंग मिसळतं, त्यात तो काळा कडेला झिरपतो. आता स्केल करायचंच नाही म्हटल्यावर टेक्श्चर फिल्टर निअरेस्ट (रंग न मिसळता जवळचा पिक्सेल घेणारा) कर, निम्मं काम तिथेच झालं. शीटवर दोन फ्रेममध्ये दोन पिक्सेल मोकळे ठेव, नाहीतर शेजारच्या फ्रेममधला भाला इकडे डोकावतो.

मिरजकर

मी गेम वगैरे करत नाही, मुलगा करतो, पण धागा वाचून राहवलं नाही. दिवाळीच्या किल्ल्याचाच गेम आहे तर मॉडेल तरी कशाला, कुंभाराकडून मातीचा मावळा आणा आणि आठ बाजूंनी फोटो काढा की! आमच्याकडे अजून रंगवलेले छान मिळतात.

मुलगा म्हणतो १९९३ च्या डूममध्ये असंच केलं होतं, काही राक्षस खरोखर मातीचे बनवून, गोल फिरवून आठ बाजूंनी कॅमेऱ्याने टिपलेले.

काल आम्ही दोघांनी करून पाहिलं. केकवर आयसिंग करायचं फिरतं ताट घेतलं, त्याच्या कडेला खडूने ४५ अंशांवर आठ खुणा केल्या, मागे निळा कार्डपेपर लावला, खिडकी डाव्या बाजूला. मोबाईल स्टूलवर पुस्तकं रचून लांब ठेवला आणि झूम केला, म्हणजे ताई म्हणतात तसा पर्स्पेक्टिव्ह कमी होतो. उभे मावळे सुंदर आले. एकाच्या नाकावरचा रंग उडालाय तोसुद्धा आला. पण चालवायचा कसा, माती वाकत नाही.

किल्लेदार

काका, तुम्ही दोघांनी माझ्यासाठी एवढं केलंत, काय बोलू. चालवायची गरजच नाही! गेमची सुरुवात दिवसा होते, तेव्हा सगळे मावळे खेळणीच असतात, जागच्या जागी उभे. तिथे खऱ्या मातीच्या मावळ्यांचे फोटो वापरले आणि रात्र झाली की मॉडेलमधले, तर? नाकावरचा उडालेला रंग मॉडेललाही देतो. तुमच्या मुलाला विचारा, फोटो वापरू देईल का, नाव देईन गेममध्ये.

मोरपिशी

हे आवडलं मला. पॅलेट, म्हणजे ठरलेल्या रंगांचा संच, मात्र दोन्हीकडे एकच ठेव, फोटो आणि रेंडर वेगवेगळ्या रंगांत असले तर जोड दिसेल. २० रंगांचं एक पॅलेट हाताने कर, तीन माती, तीन कातडी, दोन भगवे, हळिवाचे तीन हिरवे असं. मग सगळ्या फ्रेम एकदम एका लांब शीटवर ठेवून एसप्राइट या पिक्सेल आर्टच्या सॉफ्टवेअरमध्ये त्या पॅलेटवर आण. एकेक फ्रेम स्वतंत्र करू नकोस, सॉफ्टवेअर प्रत्येक फ्रेमला आपल्या मनाने रंग निवडतं आणि चालवलं की अंगरखा लुकलुकतो.

आणि चेहऱ्याच्या चार पिक्सेलना हात लाव. फक्त समोरच्या तीन दिशा. बाकी संगणकाचं राहू दे.

किल्लेदार

बारा दिवसांनी येतोय. सगळं परत केलं. शिवण काढून टाकली, काढताना हात थांबला होता पण काढली. भाला मुसळासारखा केला, मुंडासं मोठं, शेला गडद जांभळा. ९६ चा रेंडर थेट. पहिली फ्रेम उघडली आणि मावळा दिसला, खरंच दिसला. भाच्याच्या फोनवर चाळीस मावळे आरामात.

पण पाय अजून घसरतात. गंमत म्हणजे आडवा चालताना आता बरोबर वाटतं, वरच्या दिशेने गडावर चढायला लागला की बर्फावरून गेल्यासारखा.

धूमकेतू

वेग किती ठेवलायस? सगळ्या दिशांना पिक्सेलमध्ये सारखाच असणार.

असं बघ. चालण्याच्या ८ फ्रेम, सेकंदाला १० ने, म्हणजे एक फेरा ०.८ सेकंद. त्यात दोन पावलं. ब्लेंडरमध्ये टेकलेला पाय एका पावलात किती मागे जातो ते मोज, समज ०.६ युनिट. दोन पावलं १.२ युनिट, गुणिले ३२, म्हणजे ३८.४ पिक्सेल ०.८ सेकंदात, सेकंदाला ४८. आडव्या दिशेला हा वेग बरोबर. पण कॅमेरा ६० वर असल्याने जमीन उभ्या दिशेत निम्मी दबते, म्हणून सरळ वर किंवा खाली जाताना २४ च पाहिजे. तू तिथेही ४८ दिलेत. तिरक्या दिशांना सोपा उपाय, आधी सपाट जमिनीवर वेग काढायचा आणि शेवटी फक्त वायला, म्हणजे उभ्या दिशेच्या वेगाला, अर्ध्याने गुणायचं.

आणि शीट बनवताना फ्रेमच्या रिकाम्या कडा कापल्या असशील तर पिव्हट, म्हणजे फ्रेम ज्या बिंदूवर टेकवली जाते तो, बघ. प्रत्येक फ्रेम वेगळी कापली जाते आणि मध्यबिंदू हलतो. पिव्हट दोन पायांच्या मधोमध जमिनीवर, सगळ्या फ्रेमना तोच.

किल्लेदार

दादा, वाय अर्धा केला आणि चढला! दोन मिनिटांचं काम, तीन आठवडे छळत होतं.

काल अजून एक केलं. चारही पात्रं पूर्ण काळी भरली, रंग नाही, चेहरा नाही, नुसते आकार, आणि फोनवर आजीला दाखवली. तिला गेममधलं काही माहीत नाही, चष्माही शोधत होती. फोन जवळ धरून म्हणाली, हा भालेकरी, हा ढालवाला, ही बाई पाणी घेऊन चाललीय. चौथ्यापाशी थांबली, म्हणाली याच्या हातात काय आहे, केरसुणी?

ती मशाल आहे.

मोरपिशी

ज्योत मॉडेलमध्येच आहे का? काढून टाक. हातात फक्त दांडी ठेव आणि ज्योत वेगळा स्प्राइट कर, सहा-सात फ्रेमचा, हाताने काढलेला. रात्री उजेडही तिच्यापासूनच पडायचाय, त्यामुळे ती वेगळीच लागेल. दांडी डोक्याच्या वर जाऊ दे, आत्ता खांद्याला चिकटली असणार म्हणून आजींना केरसुणी वाटली.

ज्योत मी काढून देते. प्रत्येक फ्रेममध्ये दांडीचं टोक कुठल्या पिक्सेलवर येतं त्याची यादी पाठव.

किल्लेदार

ताई, रात्री पाठवतो. ब्लेंडरमध्ये टोकाला एक एम्प्टी लावलीय, १९२ जागा स्क्रिप्टने काढतोय.